ज्या मॅचेस झाल्याच नाहीत त्यांचा सीझन फॉलो कसा करायचा

शाळेत बुक क्रिकेट खेळलात ना? शेवटचा बाक, तास कुठला का असेना, हातात एखादं जाडजूड गाईड, मध्येच कुठलंही पान उघडायचं आणि डावीकडच्या पानाच्या नंबरातला शेवटचा आकडा म्हणजे रन, शून्य आला की आउट. आठ आला तर काय धरायचं यावरून दर वर्गात वेगळा कायदा आणि त्यावरून भांडणं. पण त्या खेळात एक मोठी गोची होती. सचिन आणि वेंकटपथी राजू, दोघांचं पुस्तक एकच! त्यामुळे राजू सेंच्युरी मारायचा आणि सचिन पहिल्या बॉलला जायचा, आणि आपण वहीत ते सगळं इमानदारीत लिहून ठेवायचो.

आता असं समजा की प्रत्येक खेळाडूचं पुस्तक वेगळं आहे. सचिनच्या पुस्तकात शून्याची पानं कमी, राजूच्या पुस्तकात भरपूर. आणि अजून एक गंमत, निम्म्या वेळा बॅट्समनचं पुस्तक उघडायचंच नाही, बोलरचं उघडायचं. झालं, सिम्युलेशन बेसबॉल म्हणजे एवढंच. पुढे जे सांगणार आहे तो नुसता तपशील आहे, पण मजा सगळी त्या तपशिलातच आहे त्यामुळे वाचा.

मला हे लागलं ओहायोत. ऑनसाइट होतो, थंडीत वीकेंडला करायला काही नाही, आणि टीममधला एक रिटायरमेंटला आलेला अमेरिकन, मनातल्या मनात मी त्याला काकाच म्हणायचो, एकदा घरी जेवायला घेऊन गेला आणि जेवण झाल्यावर बेसमेंटमध्ये. तिथे एका टेबलावर पुठ्ठ्याची कार्डं, फासे आणि एक वही. काका गेली कित्येक वर्षं एकटाच तिथे बसून बेसबॉलचे अख्खे सीझन खेळत होता, जे प्रत्यक्षात कधी झालेच नव्हते. मला आधी वाटलं बिचारा एकटा पडलाय. महिनाभरात मी त्याच्या समोरच्या खुर्चीत बसलेलो.

ज्यांना बेसबॉल अजिबातच माहीत नाही त्यांच्यासाठी फटाफट: नऊ इनिंग्ज, प्रत्येक इनिंगमध्ये प्रत्येक टीमला तीन आउट मिळतात, पिचर टाकतो, बॅटर मारतो. नीट मारलं आणि बेसवर, म्हणजे मैदानात पळून गाठायच्या टप्प्यावर, पोचला तर हिट, पिचरने चार वाईट बॉल टाकले तर फुकटात पहिला बेस, त्याला वॉक म्हणतात, आणि मैदानाच्या बाहेर मारला तर होमरन, म्हणजे आपला सिक्सर. तीन बेस फिरून चौथ्या, म्हणजे घरच्या बेसवर, परत आला की एक रन. दर दहा वेळा तीन हिट मारणारा माणूस तिकडे हिरो असतो, त्याची ॲव्हरेज .३००, आणि ती बोलताना 'थ्री हंड्रेड' म्हणतात. मेजर लीगच्या एका सीझनमध्ये एक टीम १६२ मॅचेस खेळते. हो, एकशे बासष्ट. आपल्या आयपीएलला लोक कंटाळतात.

आता हा खेळ फाशांवर एवढा छान का बसतो आणि क्रिकेट का बसत नाही? क्रिकेटमध्ये बॅट्समन सेट होतो, पिच तुटतं, बॉल जुना होतो, चौथ्या दिवशीचा बॉल आणि पहिल्या दिवशीचा बॉल यांचा एकमेकांशी संबंध असतो. बेसबॉलमध्ये प्रत्येक बॅटर आणि पिचरची झुंज बऱ्यापैकी सुटी असते, मिनिटा-दोन मिनिटांत निकाल, पुढचा या. आणि कुठल्याही क्षणी खेळाची परिस्थिती किती प्रकारची असू शकते? आउट शून्य, एक किंवा दोन, आणि तीन बेसपैकी कुठल्या बेसवर माणूस आहे याचे आठ प्रकार, तीन गुणिले आठ, चोवीस. फक्त चोवीस! म्हणजे सगळा खेळ चोवीस खोल्यांच्या घरात फिरतो, आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं दार म्हणजे एक फासा.

दुसरं कारण म्हणजे यांनी सगळं लिहून ठेवलंय. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर, म्हणजे स्कोअरकार्ड, याचं श्रेय ज्या हेन्री चॅडविकला देतात तो मूळचा इंग्लंडमधल्या एक्सेटरचा, अमेरिकेत आधी क्रिकेटचाच रिपोर्टर होता. क्रिकेटच्या स्कोअरकार्डाची सवय त्याने १८५०-६० च्या सुमाराला बेसबॉलला लावली. तेव्हा हे स्टॅट्सचं वेड तिकडे आपल्याच खेळातून गेलंय असं म्हणायला हरकत नाही, मी तरी काकाला तेच ऐकवायचो.

काकाचा खेळ होता स्ट्रॅट-ओ-मॅटिक. हॅल रिचमन नावाच्या लाँग आयलंडच्या पोराने अकरा वर्षांचा असताना, १९४८ च्या आसपास, स्वतःपुरता बनवला, आणि १९६१ पासून विकायला लागला. धंद्यासाठी वडिलांकडून पैसे उधार घेतले आणि बोली अशी की चाललं नाही तर वडिलांच्या इन्शुरन्सच्या कामात यायचं. चाललं. त्याच्याही आधी १९५१ मध्ये ॲपबा नावाचा असाच खेळ पेनसिल्व्हेनियातून आला होता, तोही अजून चालतो, आणि दोन्हींच्या भक्तांमध्ये पुणे-मुंबईसारखं चालू असतं.

खेळ असा. तीन फासे एकत्र टाकायचे, एक पांढरा, दोन रंगीत. पांढऱ्यावर १, २ किंवा ३ आला तर बॅटरचं कार्ड बघायचं, त्याच्या तीन कॉलमपैकी त्या नंबरचा कॉलम. ४, ५ किंवा ६ आला तर पिचरचं कार्ड. मग रंगीत दोघांची बेरीज, २ ते १२, ती त्या कॉलममधली ओळ. तिथे लिहिलेलं असतं, आउट, सिंगल, वॉक, होमरन, जे काय असेल ते. कधी कधी तिथे एकच निकाल नसतो, 'होमरन १ ते १३, नाहीतर डबल' असं काहीतरी असतं, मग वीस बाजूंचा एक वेगळा फासा टाकायचा.

दोन फाशांच्या शक्यता छत्तीस, त्यात ७ सहा वेळा येतो आणि २ फक्त एकदा, हे ज्याने लहानपणी व्यापार खेळलाय त्याला शिकवावं लागत नाही. म्हणजे चांगल्या बॅटरच्या कार्डावर ६, ७, ८ च्या ओळींत हिट्स असतात आणि फालतू बॅटरच्या कार्डावर हिट २ आणि १२ वर, कोपऱ्यात. तीन कॉलम गुणिले छत्तीस, एका कार्डावर १०८ शक्यता. जपमाळेचे मणी तेवढेच, आणि बेसबॉलच्या बॉलवरचे टाकेही १०८ असतात, हे काकाला सांगितल्यावर तो दोन मिनिटं गप्प होता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण सगळे इथेच घसरतात. .३०० मारणाऱ्या बॅटरच्या कार्डावर .३०० नसते! निम्मे निकाल तर पिचरच्या कार्डावरून येणार ना. समजा लीगची सरासरी .२६०, म्हणजे सर्वसाधारण पिचरच्या कार्डावर .२६०. मग बॅटरच्या कार्डावर किती हवं म्हणजे दोघांची सरासरी .३०० येईल? .३४०. म्हणजे कार्डावर माणूस असतो त्याहून जास्त चांगला किंवा जास्त वाईट काढावा लागतो, व्यंगचित्रासारखं, नाक थोडं मोठं. आता हाच बॅटर एखाद्या भारी पिचरसमोर उभा केला, जो फक्त .२२० देतो, त्याच्या कार्डावर असेल .१८०, दोघांची सरासरी .२६०. कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये बरेचदा कार्डांऐवजी फॉर्म्युला असतो, त्यातला प्रसिद्ध बिल जेम्सचा, हा माणूस कॅन्ससमधल्या एका डबाबंद खाण्याच्या कारखान्यात रात्रपाळीचा वॉचमन होता आणि ड्युटीवर बसून आकडेमोड करायचा. त्याच्या पद्धतीने तेच तीन आकडे टाकले तर उत्तर येतं .२५६. फासे आणि गणित, दोन वेगळ्या रस्त्यांनी आले आणि जवळपास एकाच ठिकाणी पोचले. मला ही गोष्ट आजही भारी वाटते.

आता 'फँटसी' म्हटलं की आपल्याकडे लोकांना ड्रीम इलेव्हन आठवतं. ते वेगळं. तिकडेही त्या प्रकाराचा आजोबा आहे, १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओकरेंट आणि त्याच्या मित्रांनी सुरू केलेली रोटिसरी लीग, एका फ्रेंच रेस्टॉरंटवरून नाव पडलेलं. त्यात तुमचा खेळाडू आज खरोखर काय करतो त्यावर पॉइंट. सिम्युलेशनमध्ये आज काहीच होत नसतं. खेळाडूचा एक जुना, होऊन गेलेला सीझन घ्यायचा, त्याचं कार्ड करायचं, आणि त्या कार्डांच्या नव्या मॅचेस लावायच्या. खेळाडू वारलेला असला तरी चालतो, उलट बहुतेक वारलेलेच असतात.

मी परत पुण्यात आल्यावर ऑनलाइन लीग धरली. पद्धत अशी, बारा टीम्स, प्रत्येकाला लुटुपुटीचे आठ कोटी डॉलर, त्यात पंचवीस खेळाडू घ्यायचे, बेसबॉलच्या सगळ्या इतिहासातून. रोज रात्री, म्हणजे अमेरिकेतल्या रात्री, प्रत्येक टीमच्या तीन मॅचेस कॉम्प्युटर खेळून टाकतो, आपल्याला सकाळी चहाबरोबर निकाल. १६२ भागिले ३, चोपन्न दिवसांत सीझन खल्लास. माझ्या टीमचं नाव ठेवलं कर्जत स्लो.

टीम निवडताना पहिली चूक सगळे जी करतात ती म्हणजे मोठा आकडा बघून भुलणं. उदाहरण देतो. १९३० चा बिल टेरी, न्यूयॉर्क जायंट्स, ॲव्हरेज .४०१, नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगचे दोन भाग, एक ही आणि दुसरी अमेरिकन लीग) त्यानंतर आजपर्यंत कोणी .४०० ला पोचलेलं नाही. दुसरीकडे १९६८ चा कार्ल यस्ट्रेम्स्की, बोस्टन, लोक त्याला याझ म्हणतात, ॲव्हरेज .३०१. कोण घ्याल? पण १९३० साली त्या अख्ख्या लीगची सरासरीच .३०३ होती, ऐरेगैरे सगळे मारत होते. आणि १९६८ हे पिचर लोकांचं वर्ष, बॉब गिब्सनचा रन देण्याचा दर नऊ इनिंग्जमागे १.१२, बॅटर लोकांचे एवढे हाल की पुढच्या वर्षी पिचर उभा राहतो तो उंचवटा पंधरा इंचांवरून दहा इंचांवर आणावा लागला. याझच्या अमेरिकन लीगची त्या वर्षीची सरासरी .२३०, आणि .३०१ वर तो बॅटिंगमध्ये पहिला आला. आता भागाकार करा, टेरी आपल्या लीगच्या १.३२ पट, याझ १.३१ पट. सारखेच की! हे म्हणजे पाटा विकेटवरची डबल सेंच्युरी आणि फिरणाऱ्या विकेटवरचे ऐंशी, आपल्याला हे क्रिकेटमध्ये बरोबर कळतं पण आकडा परका असला की डोकं चालत नाही. शिवाय याझ वॉक भरपूर घ्यायचा. मी याझ घेतला आणि स्वतःवर खूष झालो, याचं पुढे काय झालं ते सांगतोच.

शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला, जिथे सगळ्यात जास्त बॉल जातो, तिथे १९८० चा ऑझी स्मिथ. त्या वर्षी त्याने ६२१ असिस्ट केले, म्हणजे बॉल अडवून फेकला आणि दुसऱ्याने आउट केला, शॉर्टस्टॉपसाठी तो रेकॉर्ड आहे. बॅटिंग मात्र .२३०. कार्डांच्या खेळात पिचरच्या कार्डावर काही ठिकाणी निकालाऐवजी एक्स असतो, म्हणजे बॉल फील्डरकडे गेला, आता त्याचं रेटिंग बघा, १ सगळ्यात भारी, ५ म्हणजे गल्लीतला. शॉर्टस्टॉपला असे एक्स सगळ्यात जास्त येतात, त्यामुळे तिथे ५ वाला ठेवला तर रोज एखादा आउट हातातून निसटतो आणि बॉक्स स्कोअरमध्ये तो दिसतही नाही, कारण तिथे सिंगल म्हणून लिहिलेलं असतं आणि बिल पिचरच्या नावावर फाटतं.

पिचर मुख्य एकच, १९९५ चा ग्रेग मॅडक्स. १९ जिंकल्या, २ हरल्या, दर १.६३, आणि जवळपास २१० इनिंग्जमध्ये फक्त २३ वॉक. माझे निम्मे पैसे याच्यासारख्या दोन-चार लोकांत गेले, बाकी भाजीबाजारातून सात वाजता मिळते तशी उरलीसुरली टीम.

आणि मैदान. हो, मैदानही निवडायचं असतं, आणि ८१ मॅचेस तिथेच होतात. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून मैलभर उंच, हवा विरळ, बॉल उडत जातो. ह्यूस्टनचं जुनं ॲस्ट्रोडोम, छत असलेलं, १९६५ चं, वारा नाही, मैदान मोठं, होमरन म्हणजे सणासुदीला. माझी टीम पिचिंग आणि फील्डिंगची, म्हणून ॲस्ट्रोडोम. होमरनवाल्यांना माझ्या घरी येऊन उपाशी मारायचं असा प्लॅन.

सीझन सुरू झाला. नऊ दिवसांनी, सत्तावीस मॅचेसनंतर, आम्ही ११ जिंकलेल्या १६ हरलेल्या. आता इथे खरा धडा आहे कारण याच क्षणी बहुतेक लोक टीम मोडतात. मी काय बघायचं शिकलोय ते सांगतो. जिंकल्या किती हे आधी बघायचं नाही, रन किती काढले आणि किती दिले ते बघायचं. आम्ही काढले ११८, दिले ११२. बिल जेम्सचाच अजून एक ठोकताळा आहे, काढलेल्या रन्सचा वर्ग भागिले दोन्ही वर्गांची बेरीज. कॅल्क्युलेटरवर करून बघा, .५२६ येतं, म्हणजे सत्तावीसपैकी चौदा जिंकायला हव्या होत्या. मग तीन गेल्या कुठे? एका रनने संपलेल्या दहा मॅचेसमध्ये आम्ही दोन जिंकलो आणि आठ हरलो. नुसतं नशीब.

आणि हे नशीब केवढं मोठं असतं याचा आपल्याला अंदाज नसतो. समजा टीम खरोखर ९० मॅचेस जिंकायच्या लायकीची आहे. तरी सत्तावीसमध्ये ११ किंवा त्याहून कमी जिंकायची शक्यता साधारण अकरात एक. बारा टीम्सच्या लीगमध्ये कोणाच्या तरी वाट्याला हे येणारच, यावेळी कर्जत स्लो. अख्ख्या १६२ मध्येसुद्धा अशी टीम ७७ पासून १०३ पर्यंत कुठेही संपू शकते आणि त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नसतं. १६२ मॅचेस आपल्याला खूप वाटतात पण फाशांना त्या पुरत नाहीत.

हे सगळं मला माहीत होतं. आणि तरी मी माती खाल्ली.

पुढच्या नऊ-दहा दिवसांत याझला ग्रहण लागलं. ११० वेळा बॅटिंग, २४ हिट्स, .२१८. रोज सकाळी चहा घेताना तोच आकडा. आता असल्या स्टार लीगमध्ये प्रत्येक पिचर भारी असतो त्यामुळे याझकडून .३०१ ची अपेक्षा नव्हतीच, .२७५ धरू. .२७५ वाला माणूस ११० मध्ये २४ किंवा कमी मारण्याची शक्यता नऊ-दहात एक. बारा टीम्स, प्रत्येकी नऊ बॅटर, १०८ लोक, परत जपमाळ, त्यातले दहा-बारा जण कुठल्याही नऊ-दहा दिवसांत असेच झोपलेले असणार. आणि मुख्य म्हणजे कॉम्प्युटरमध्ये 'फॉर्म' नावाची गोष्टच नाही! कालच्या चार आउटचं आजच्या फाशाला काही माहीत नसतं. याझला टेन्शन नाही, त्याची पाठ दुखत नाही, सिलेक्टर त्याच्यावर नाराज नाहीत, तो १९६८ मध्ये गोठलेला एक तक्ता आहे. पण आपण लहानपणापासून टीव्हीसमोर 'हा फॉर्ममध्ये नाहीये, बसवा याला' हेच ऐकत वाढलो, ते हाडात मुरलंय. पंचावन्नाव्या मॅचच्या आसपास मी याझला सोडून दिला, वर सोडल्याचा दंड म्हणून त्याच्या पगारातले थोडे पैसेही कापले गेले, आणि त्या जागी जो घेतला त्याचं नावसुद्धा आता आठवत नाही. दुसऱ्या दिवशी याझ लीगमधल्या दुसऱ्याच एका टीमने उचलला.

यानंतर मात्र मी जरा सुधारलो आणि सीझन फॉलो करणं म्हणजे काय हे कळायला लागलं. रोज निकाल नाही बघायचा, बॉल-टू-बॉल लॉग वाचायचा, निदान हरलेल्या मॅचेसचा. त्यात कळतं की आपला मॅनेजर, म्हणजे आपण भरलेली सेटिंग्ज, काय माती करतोय. माझ्या लॉगमध्ये दिसलं की मॅडक्स आठव्या इनिंगमध्ये दमल्यावरही तिथेच उभा असायचा कारण मी त्याला लवकर काढू नका असं सेट केलेलं, आणि दमलेल्या पिचरच्या कार्डावरचे काही आउट सिंगल होतात. एक क्लिक, बदललं. दुसरं, डावखुरा पिचर समोर आला की आमची बॅटिंग कोलमडायची, कारण स्वस्तात मिळाले म्हणून सगळे डावखुरे बॅटर भरलेले, आणि डावखुऱ्याला डावखुऱ्याचा बॉल खेळणं जड जातं हे कार्डांवरही वेगळं छापलेलं असतं. तिसरी गोष्ट बेस चोरणं, म्हणजे पिचर बॉल टाकतोय तेवढ्यात पळून पुढचा बेस गाठणं. मला आपलं वाटायचं पळायला काय जातंय, पळवा. पण चोरी जमली तर जेवढा फायदा होतो त्याच्या दुप्पट नुकसान पकडला गेला तर होतं, कारण तीनच आउट असतात आणि त्यातला एक तुम्ही फुकट दिला. म्हणजे साधारण सत्तर टक्क्यांच्या वर जमत असेल तरच पळण्यात अर्थ. रिकी हेंडरसनने १९८२ मध्ये १३० बेस चोरले, १९०० नंतरचं रेकॉर्ड आहे, आणि ४२ वेळा पकडला गेला, म्हणजे पंचाहत्तर टक्के. एवढा मोठा चोर आणि निव्वळ फायदा अगदी थोडा! माझे लोक तर साठ टक्केवाले होते. बंद केलं पळणं.

या सगळ्याचा परिणाम नाट्यमय वगैरे काही झाला नाही. ८१ मॅचेसनंतर ३९-४२, त्यानंतरच्या अर्ध्यात ४५-३६. पण दहा जादा रन म्हणजे साधारण एक जादा विजय हा हिशोब लक्षात ठेवला तर अशा एकेका क्लिकची किंमत कळते, सीझनभरात दहा-पंधरा रन, म्हणजे एक-दीड मॅच. त्या एक-दीड मॅचसाठी मी सकाळी ऑफिसच्या कॉलच्या आधी वीस मिनिटं लॉग वाचायचो, घरच्यांना वाटायचं शेअर मार्केट चाललंय, मी ते तसंच वाटू दिलं.

आता एक गोष्ट जी मला या खेळात सगळ्यात विचित्र वाटते. १९५७ मध्ये मिलवॉकी ब्रेव्ह्जने मायनर लीगमधून एक जण वर आणला, बॉब हेझल. ४१ मॅचेस, १३४ वेळा बॅटिंग, ५४ हिट्स, .४०३. लोकांनी त्याचं नाव हरिकेन ठेवलं, टीम त्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची फायनल, जिंकली. पुढच्या वर्षी भाऊ जमिनीवर, आणि त्यानंतर मेजर लीगमध्ये परत कधी दिसलाच नाही. म्हणजे उघड आहे, त्या १३४ मध्ये कला कमी आणि फासे जास्त होते. पण कार्ड बनतं ते त्या १३४ वरून. त्याचं नशीब कार्डावर छापलं गेलं, आणि एकदा छापलं की ते नशीब राहत नाही, ती त्याची लायकी होते. सिम्युलेशनमधला हेझल खरोखरच .४०० वाला राक्षस आहे, कायमचा. याच न्यायाने ज्याला त्याच्या वर्षी नशिबाने दगा दिला त्याला कार्डही वाईट मिळतं. दोनदा फासे पडतात असं समजा, एकदा खऱ्या मैदानावर कार्ड बनताना आणि एकदा आपल्या टेबलावर. म्हणून समजूतदार लीगमध्ये नियम असतो की खेळाडू प्रत्यक्षात जेवढा खेळला जवळपास तेवढाच वापरता येईल, नाहीतर प्रत्येक टीममध्ये नऊच्या नऊ हेझल दिसले असते.

कोणी म्हणेल हे सगळं रिकामटेकड्यांचं आहे. असेल. पण १९८१ मध्ये खेळाडूंचा संप झाला, ऑल-स्टार मॅच लटकली, तेव्हा क्लीव्हलंडच्या रिकाम्या स्टेडियममध्ये लोकांनी स्ट्रॅट-ओ-मॅटिकची कार्डं मांडून ती मॅच खेळली. आणि २०२० च्या कोरोनात बेसबॉल बंद पडलं तेव्हा त्याच कंपनीने अख्खा सीझन रोजच्या रोज सिम्युलेट करून निकाल टाकायला सुरुवात केली, बेसबॉल-रेफरन्स या स्टॅट्सच्या मोठ्या साइटनेही तेच केलं, आउट ऑफ द पार्क नावाचा गेम वापरून, जो गंमत म्हणजे एका जर्मन माणसाने, मार्कस हाइनसोनने, १९९९ मध्ये काढलाय. एप्रिल ते जुलै, खरं मैदान रिकामं, आणि लोक सकाळी उठून न झालेल्या मॅचेसचे स्कोअर बघतायत आणि वैतागतायत. खरा सीझन जुलैच्या शेवटी सुरू झाला आणि साठच मॅचेसचा झाला. साठ! वरचा हिशोब वाचलाय तुम्ही, साठ मॅचेसमध्ये फासे काय काय करू शकतात सांगायला नको.

कर्जत स्लो शेवटी ८४-७८ वर थांबली. रन काढले ७०२, दिले ६४०, ठोकताळ्याने ८८-८९ जिंकायला हव्या होत्या. प्लेऑफ दोन मॅचेसनी हुकला. आमच्या पुढे ८६ वाली टीम गेली, तीच, जिने याझला उचललं होतं, आणि तिथे त्याने .२८१ मारली. मी काकाला सगळा हिशोब मेल केला, बिल जेम्सच्या फॉर्म्युल्यासकट, आम्ही खरं तर ८८ वाली टीम होतो वगैरे. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, की याझला का सोडलंस ते त्यात कुठे लिहिलेलं नाहीये.

नवीन लीगचा ड्राफ्ट, म्हणजे खेळाडूंची निवड, सोमवारी आहे. याझ कोणीतरी आधीच यादीत टाकलाय असं दिसतंय. या लीगमध्ये खेळाडू कितीही वापरा, मर्यादा नाही असा नियम आहे, आणि हेझल अजून शिल्लक आहे.